भरलेल्या जागा

मिरजेच्या त्या दवाखान्यात सकाळी बाकावर बसलेल्या माणसांपैकी एकही जण वरवर पाहता आजारी वाटत नसे. एक सतारवादक, लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक गृहस्थ, नाटकांना पार्श्वसंगीत देणारी एक बाई, अशी मंडळी दातांच्या डॉक्टरकडे बसावं तशी आपापल्या पाळीची वाट बघत बसत. प्रत्येकाच्या कपाळावरून कानांमागे गेलेली एक पातळ करडी पट्टी असे. 'अंतर्नाद-पट्टी' हे तिचं कागदावरचं नाव. कलावंत नुसतं 'पट्टी' म्हणत, आणि "तुमची पट्टी कुठली?" हा, कुठल्या स्वराला 'सा' धरता हे विचारणारा, धंद्यातला जुना प्रश्न आता दुसऱ्याही अर्थानं विचारता येतो म्हणून हसत.

मनातल्या मनात सूर आठवला की मेंदूतला ऐकण्याचा भाग जवळजवळ खरंच ऐकत असल्यासारखा जागा होतो, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. ती जाग कवटीच्या बाहेरून टिपायची आणि तिचा पुन्हा आवाज करायचा, हे मात्र गेल्या सहा-सात वर्षांत जमलं होतं. साध्या माणसाच्या मनातलं गाणं पट्टीतून आलं तर मडक्यात बोलल्यासारखं घुमत येई. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं स्वच्छ येई. म्हणून पहिले दवाखाने त्यांच्यासाठीच निघाले. रंगमंचाची धास्ती, डोक्यात अडकून बसलेली धून, टाळ्या थांबल्यावर येणारं रितेपण, हे सगळं पूर्वी 'कलावंत म्हटल्यावर असायचंच' म्हणून सोडून दिलं जाई. आता ते डॉक्टरांना ऐकवता येत होतं.

जिनदत्त मगदूम त्या सकाळी चौथ्यांदा आले होते. वय एकसष्ट, पेटीवाले. चाळीस वर्षं त्यांनी गायकांना हार्मोनियमची साथ केली होती, आणि त्यातली सव्वीस एकाच गायिकेला, चारुशीला हळबे यांना. पहिल्या तीन बैठका यंत्राची ओळख पटवण्यात गेल्या होत्या. डॉक्टर एक-एक सूर वाजवून दाखवत, मग मगदूमांनी तोच मनात आठवायचा, आणि यंत्रानं त्यांच्या मेंदूची भाषा शिकायची.

"आज तुम्ही काहीच आठवायचं नाही, मास्तर," डॉ. रुखसाना मुजावर म्हणाल्या. "नुसते बसा. जे येतं ते येऊ द्या."

"ते काय, येतंच," मगदूम म्हणाले.

स्पीकरमधून आधी तंबोरा आला. मग त्यात अलगद मिसळलेला एका बाईचा आवाज. थोडा जाडसर, कडेला किंचित खरखर असलेला, मारवा रागातली संथ, विलंबित चीज गाणारा. डॉ. मुजावरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. लहानपणी त्या आईबरोबर ज्या मैफलींना जात, तिथला हा आवाज होता. चारुशीला हळबे यांना जाऊन चौदा महिने झाले होते.

आजार काही नव्हता. सत्तावन्न वर्षांच्या चारुशीलाताईंनी आपणहूनच आयुष्य संपवलं होतं, मागे चिठ्ठी न ठेवता. 'यशाच्या शिखरावर असताना' असं सगळ्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, आणि कुणालाच काही कळलं नाही.

तेव्हापासून मगदूमांच्या डोक्यात त्या गात होत्या. जेवताना त्यांची बोटं ताटाशेजारी हलायची. त्यांची पत्नी सुनंदा आधी रागवायची, मग तिनं ते बघायचंच सोडलं. कामावर मात्र ते लपेना. निपाणीच्या मैफलीत एक तरुण गायक यमन गात असताना मगदूमांची बोटं मारव्यातल्या कोमल ऋषभावर गेली. यमनमध्ये तो सूर म्हणजे खिरीत मिठाचा खडा. गायक थांबला, वळून बघू लागला, आणि पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मान खाली घातली. त्यानंतर मगदूमांनी एकही कार्यक्रम घेतला नव्हता. सुनंदानंच दवाखान्यात नाव नोंदवलं.

स्पीकरमधला आवाज चढत गेला, धैवतावर टेकला आणि तुटला. सूर संपवल्यासारखा वाटला नाही. कुणीतरी मध्येच हात काढून घ्यावा तसा तो गेला. लगेच पेटी आली, तिनं ती ओळ हळुवार पुढे नेऊन सोडली, आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

"इथे काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"श्वास घेतला असेल."

"इतका वेळ?"

मगदूमांनी पट्टी काढली आणि आज दमलोय असं सांगितलं.

पुढच्या मंगळवारी डॉ. मुजावरांनी एक जुनं ध्वनिमुद्रण मिळवून ठेवलं होतं. तोच मारवा, बेळगावची मैफल, ताई जाण्याच्या आठ महिने आधीची. त्यांनी ती जागा लावली. आवाज धैवतावर टेकला, पेटी त्याच्याखालून उगवून वर आली, श्रोत्यांतून 'वा' ऐकू आलं. कुठेही काही तुटल्यासारखं वाटत नव्हतं. त्या मैफलीवर एका समीक्षकानं लिहिलं होतं की गायिका आणि पेटी यांच्यातला हा संवाद आता शब्दांपलीकडे गेला आहे.

मग डॉक्टरांनी मगदूमांच्या मनातला तोच भाग लावला. इथे दोन्ही आवाज सुटे होते. ताईंचा आवाज गेल्यावर चार मात्रांची मोकळी जागा होती, आणि विलंबित लयीत चार मात्रा म्हणजे एखाद्याला पाण्यात बुडताना बघावं इतका वेळ. पेटी त्या जागेवर टाकलेल्या चादरीसारखी होती.

"तुमच्या डोक्यात अशा जागा असलेल्या अकरा मैफली सापडल्या," डॉ. मुजावर म्हणाल्या. "शेवटच्या तीन वर्षांतल्या. पुढे पुढे जागा वाढत जातात. मास्तर, मी तुमच्यावर ठपका ठेवत नाही. पण ही आठवण तुमच्या मनानं अशी वेगळी का जपली असेल?"



"साथीदाराचं काम काय असतं, माहितीय?" मगदूम म्हणाले. "गाणाऱ्याच्या मागून चालायचं. तो अडखळला तर असं सावरायचं, की तो अडखळला हे त्यालासुद्धा कळू नये. मला हे सोळाव्या वर्षी शिकवलं. मी चांगला विद्यार्थी होतो."

"ताई अडखळायला लागल्या ते तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"बोललात कधी?"

"काय बोलणार? गाणारी बाई आहे, तिला सांगायचं की तुमचा सूर मध्येच जातो? मी भरत गेलो. त्याही काही बोलल्या नाहीत. कार्यक्रम झाला की गाडीत खिडकीबाहेर बघत बसायच्या. मी म्हणायचो, आज रंगला. त्या म्हणायच्या, हो, तुमच्यामुळे."

डॉक्टरांनी त्यांना शमनाबद्दल सांगितलं. नकोसा आवाज मनात उठू लागला की पट्टी त्याच वाटेवर फार हलके चुंबकीय ठोके देते. पाच-सहा बैठकांत ती वाट पुसट होते. चारुशीलाताई आठवतील, त्यांचं गाणंही आठवेल, पण ते आपणहून येऊन बोटं ओढणार नाही. मगदूमांना पुन्हा कुणाच्याही साथीला बसता येईल. गेल्या दोन वर्षांत सत्तर-ऐंशी कलावंतांना याचा गुण आला होता.

"पुढच्या आठवड्यात सुरू करू," मगदूम म्हणाले. घरी येऊन त्यांनी सुनंदाला तसं सांगितलं, तेव्हा तिनं कित्येक महिन्यांनी त्यांच्या ताटात आपण होऊन दुसरी पोळी वाढली. जेवण झाल्यावर ते अंगणात जाऊन बसले आणि फोन हातात घेऊन नुसतेच बसून राहिले.

चारुशीलाताईंची मुलगी ऋजुता नाशिकला पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. गाण्याशी तिचा संबंध नव्हता. आई गेल्यापासून तिनं मगदूमांना पाच वेळा फोन केला होता, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला होता. आई तुम्हाला तरी काही बोलली होती का? दर वेळी मगदूम म्हणाले होते, नाही गं. ते खोटं नव्हतं असं ते स्वतःला सांगत. या वेळी त्यांनीच फोन लावला.

"ऋजुता, तू मिरजेला येऊ शकशील का? तुला काही ऐकवायचं आहे."

ती दोन दिवसांनी आपोआप चालणाऱ्या बसनं आली. चाळिशीच्या आतली, आईसारखीच रुंद कपाळाची, बोलताना समोरच्याकडे थेट बघणारी. डॉ. मुजावरांनी मगदूमांकडून लेखी संमती घेतली आणि तिलाही नीट समजावून सांगितलं की हे तुमच्या आईचं मन नव्हे, मास्तरांच्या मनातली तुमची आई आहे. ऋजुतानं मान हलवली. मग त्यांनी आधी बेळगावचं ध्वनिमुद्रण लावलं आणि नंतर दुसरं.

आवाज तुटला तेव्हा ऋजुतानं खुर्चीचे हात घट्ट धरले. संपेपर्यंत ती हलली नाही.

"हे तुम्हाला तेव्हा ऐकू येत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"तीन वर्षं?"

"हो."

"आणि मी फोन करून करून विचारत होते."

ऋजुता उठली, खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलला बांधून नवा तंबोरा नेत होता. तो वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली.

"काका, त्या तीन वर्षांत आई घरी कशी असायची, सांगू?" ती मागे न वळता म्हणाली. "दार लावून बसायची. मी सुट्टीला यायचे, तर माझ्याशी दोन शब्द बोलायची नाही. चहा समोर ठेवला तर गार होईपर्यंत तसाच. मला वाटायचं, माझ्यावर रागावलीय. मी गाणं सोडलं, नाशिकला गेले, लग्न मोडलं, यातलं काहीतरी तिला खुपतंय. कारण मैफलीत तर ती छान असायची. मी यायचे ना अधूनमधून, मागे बसायचे. इतकी छान गायची. मग मी म्हणायचे, जगासाठी ठीक आहे आणि माझ्यासाठीच नाही, म्हणजे दोष माझाच असणार. मी यायचंच कमी केलं, काका."

आपण जागा भरली ती श्रोत्यांसाठी, ताईंसाठी, असं मगदूमांना वाटत आलं होतं. मागच्या रांगेत बसलेली ही मुलगी त्यांच्या मनातही कधी आली नव्हती. ताईंना काहीतरी झालंय हे तिला कळण्याची एकच जागा उरली होती, आणि ती दर वेळी त्यांनी स्वतःच्या बोटांनी बुजवली होती.

"अजून एक आहे," ते म्हणाले. "ते मी डॉक्टरांनासुद्धा सांगितलेलं नाही."

मग त्यांनी इचलकरंजीचं सांगितलं. ती शेवटची मैफल, दुपारी चारची. रंगमंचामागच्या खोलीत ताई केस विंचरत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, मास्तर, आज मी थांबले तर थांबू द्या, भरू नका. मगदूम हसले. म्हणाले, तुम्ही कशाला थांबताय. त्यावर ताईही हसल्या. मारवा सुरू झाला. दुसऱ्या आवर्तनात त्या थांबल्या, आणि त्यांनी मान वळवून मगदूमांकडे बघितलं. पूर्वी कधी त्या अशा बघत नसत. सातशे माणसं समोर बसली होती. मगदूमांच्या बोटांनी जे चाळीस वर्षं केलं तेच केलं. टाळ्या पडल्या. ताईंनी श्रोत्यांकडे तोंड फिरवून नमस्कार केला आणि मैफल पुरी केली. त्यानंतर अकरा दिवसांनी त्या गेल्या.

"ती आठवण आली की मी दुसरं काहीतरी मनात आणतो," मगदूम म्हणाले. "म्हणून यंत्राला ती सापडली नसेल."

मग ऋजुता परत खुर्चीत येऊन बसली.

"मला ती ऐकायचीय," ती म्हणाली. "ते शमन का काय, त्याच्या आधी."

डॉ. मुजावरांना ते पसंत नव्हतं. "आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे," त्या म्हणाल्या. "मेंदू ती दर वेळी नव्यानं रचतो. रचताना काही घालतो, काही काढतो. तुम्ही दोघंही आत्ता ज्या अवस्थेत आहात, त्यात जे निघेल त्यावर तुम्ही जन्मभर विश्वास ठेवाल. ते खरं असेल याची हमी मी देऊ शकत नाही."

"माझ्याकडे दुसरं काय आहे?" ऋजुतानं विचारलं.

डॉक्टरांनी मगदूमांकडे बघितलं. मगदूमांनी पट्टी उचलून स्वतःच कपाळावर बसवली. डॉक्टरांनी मग एवढीच अट घातली, की मास्तरांनी हात वर केला तर त्याच क्षणी यंत्र बंद होईल.

डोळे मिटल्यावर आधी नुसती गरगर झाली. मग आरसा, फणी, खोलीतला फुलांचा आणि डांबरगोळ्यांचा मिसळलेला वास. स्पीकरमधून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणी खोकलं, तंबोरे जुळले. चारुशीलाताईंनी षड्ज लावला. मारव्यात षड्जाला फार टेकायचं नसतं. त्याच्या अवतीभवती फिरत राहायचं, घर दिसत असावं आणि आत जाता येऊ नये तसं. पहिलं आवर्तन गेलं. दुसऱ्यात आवाज धैवताकडे चढला, आणि मगदूमांची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली.

"मास्तर, बोटं," डॉक्टर हलकेच म्हणाल्या.

बोटं थांबेनात. ऋजुतानं खुर्ची पुढे ओढली आणि आपला तळहात त्यांच्या बोटांवर ठेवला. तिनं जोर लावला नाही. हात नुसता तिथे राहू दिला. तिचा हात थंड होता.

स्पीकरमधला आवाज थांबला.

पेटी आली नाही. एक मात्रा गेली, दुसरी गेली. तबल्याचा ठेका थोडा चाचरला आणि तोही बंद झाला. मगदूमांना मिटल्या डोळ्यांपुढे ताईंचा वळलेला चेहरा दिसत होता, आणि भात्यावरचा आपला डावा हात, हलत नसलेला. चार मात्रा उलटून गेल्या. सभागृहात कुजबूज उठली आणि विरली. इथून पुढचं कधी घडलंच नव्हतं. त्यांच्यापाशी त्याची आठवण असणं शक्य नव्हतं, तरी यंत्र चालू होतं, आणि स्पीकरमधून अगदी जवळून, माइकपाशी तोंड असावं तसा, एका बाईचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. थोडा थरथरता.

डॉ. मुजावर पडद्याकडे वाकल्या. पडद्यावरची रेघ दाट होत चालली होती.

"काहीतरी तयार होतंय," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "शब्द असावेत. मास्तर, थांबवायचं असेल तर हात वर करा."

मगदूमांचा उजवा हात ऋजुताच्या हाताखाली होता. डावा मोकळा होता. तो त्यांनी उचलला नाही. आपलं मन हे चाळीस वर्षं मोकळ्या जागा भरायला शिकलेलं मन आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ताई आता बोलल्या, तर ते शब्द त्यांनी सव्वीस वर्षं शेजारी बसून ऐकलेल्या बाईचे असतील, की या मुलीला दुखू नये म्हणून त्यांनी स्वतःच घडवलेले? त्यांना तरी ते ओळखता येईल का?

श्वास एकदा अडला. ओठ विलग होताना होतो तसा बारीकसा आवाज आला.

ऋजुता यंत्राकडे झुकली आणि जे तिनं त्या तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"आई, तुला काय होतंय?"